चालता संगणक बाद का ठरतो?

शाळेतला संगणक सुरू होतो, त्यावर प्रश्नपत्रिका तयार होते. तरीही तो 'जुना झाला' असे आपल्याला सांगितले जाते. मग जुने नेमके काय झाले?

१९९५च्या 'विंडोज ९५'ला किमान ४ मेगाबाइट स्मृती (रॅम) पुरत असे. २०२१च्या 'विंडोज ११'ला किमान ४ गिगाबाइट लागते, म्हणजे सुमारे हजारपट! चित्रे, देवनागरी अक्षरे आणि सुरक्षितता यांसाठी काही वाढ आवश्यक होती, हे आम्हांला मान्य आहे. पण प्रश्नपत्रिका काही हजारपट सुधारली नाही. यंत्रांचा वेग वाढतो त्याहून झपाट्याने आज्ञावल्या सुस्त होतात, असा इशारा 'पास्कल' भाषेचे जनक निक्लाउस विर्थ यांनी १९९५मध्येच दिला होता.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०'साठीचे कंपनीचे नियमित साहाय्य संपले. 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-सोय नसलेले अनेक धडधाकट संगणक नव्या आवृत्तीसाठी अपात्र ठरले. हा निर्णय यंत्राच्या झिजेने नव्हे, कंपनीने घेतला.

असा संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यावर लिनक्सची एखादी हलकी, मुक्त आवृत्ती विद्यार्थ्यांकडूनच बसवून पाहावी. यंत्र थकले होते की आज्ञावली जड झाली होती, हे त्यांना स्वतः ताडून पाहता येईल.