शेवटच्या पानावरची माया

दिवाळी अंकांतल्या कथांत एक सासू हमखास भेटते. पंधरा पाने ती सुनेला टोमणे मारते, साखरेचा डबासुद्धा कुलपात ठेवते. आणि सोळाव्या पानावर, सून माहेरी निघाली की, स्वतःच्या पाटल्या काढून तिच्या हातात चढवते. घरातल्या बायका डोळ्यांना पदर लावतात, कथा संपते. मला मात्र लेखकाला विचारावेसे वाटते, की बाबा रे, ही माया इतके दिवस होती कोठे? कोल्हापुरात तांबड्या रश्श्यात ऐन वेळी गूळ कालवला तर पंगत उठून जाईल. कथेत तोच प्रकार आपण मुकाट्याने गोड मानून घेतो!

याचे कारण उघड आहे. कथेतला माणूस अचानक निष्ठुर झाला, तर वाचक ‘का?’ म्हणून विचारतो. अचानक प्रेमळ झाला, तर तो विचारत नाही. लेखक नेमका याच सवलतीचा फायदा घेतो.

ओ. हेन्रीची 1905 सालची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ ही कथा पाहा. नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घ्यावी म्हणून बायको आपले केस विकते, आणि तिच्या केसांसाठी फण्या आणाव्यात म्हणून त्याने घड्याळच विकलेले असते. धक्का बसतो खरा; पण केस आणि घड्याळ ही त्या गरीब घरातली दोन अमोल धने आहेत, हे लेखकाने आधीच सांगून ठेवले आहे. प्रेमाची किंमत कळण्यापूर्वी ती चुकती झालेली असते.

आमच्या गावाला हा विषय नवा नाही. राजाराम कॉलेजातले प्राध्यापक ना. सी. फडके तंत्राचे आणि ‘कलेसाठी कले’चे कैवारी, शिरोड्याहून 1938 साली येथे आलेले वि. स. खांडेकर ‘जीवनासाठी कला’ मानणारे. खांडेकरांच्या लेखणीला भावविवशतेचा सोस होता, हे त्यांच्या चाहत्यानेही मान्य करावे. परंतु ‘ययाति’त (1959) त्यांच्यापुढची अडचण मोठी होती. पुरू बापाला आपले तारुण्य देणार, हे महाभारत ऐकलेल्या पोरालाही ठाऊक! तेथे धक्का कसला द्यायचा? महाभारतातला ययाति ते तारुण्य हजार वर्षे भोगतो. खांडेकरांचा ययाति लवकरच भानावर येतो. राजवाड्याबाहेर, बापाच्या सावलीवाचून वाढलेल्या मुलाने दिलेले हे दान त्याला पेलवत नाही. मायेचा धक्का येथे वाचकाला नव्हे, ती घेणाऱ्याला बसतो. मला ही युक्ती फार मोलाची वाटते.

पण याहून मला जवळची वाटते ती कागलच्या आनंद यादवांची ‘झोंबी’ (1987). या आत्मचरित्रात्मक कादंबरीला 1990 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातल्या पोराला शिकायचे आहे आणि बाप त्याला रानात जुंपतो. आई नवऱ्याला भिऊन असणारी. तिच्याकडून कसली आशा नाही, असे आपण धरून चालतो. तीच आई एका रात्री पोराला घेऊन दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जाते, त्यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडते आणि आम्ही येथे आलो होतो हे नवऱ्याला कळू देऊ नका, असेही विनवते. गळामिठी नाही, आसवे नाहीत. नवऱ्याची भीती तिला सुटलेली नाही. ती तशीच घेऊन ती उंबरा ओलांडते. भीतीची पाने आधी वाचलेली असतात, म्हणूनच त्या रात्रीच्या चार पावलांनी आपला जीव वरखाली होतो.

आणि बापाचे काय? पाटल्यावाल्या लेखकाने त्याला तेथेच रडवले असते. यादवांचा बाप देसायांच्या धाकाने कबूल होतो, तोही अटी घालून: अकरापर्यंत रानात राबायचे, मग शाळा, आणि शाळा सुटली की गुरे.