‘ॲन्सेस्टर’ आणि ‘मायोरेस’ : पूर्वजवाचक शब्द व बोर्हेस यांची कविता

इंग्रजी व स्पॅनिश कोशांत पूर्वजवाचक शब्द परस्परांचे पर्याय म्हणून दिलेले असतात. तथापि प्रत्येक शब्दाच्या घडणीत नात्याची स्वतंत्र कल्पना दडलेली असते व काव्यानुवादात ती निर्णायक ठरते. अर्जेंटिनाचे कवी होर्हे लुईस बोर्हेस (१८९९–१९८६) यांच्या कवितेच्या आधारे या भेदाचा येथे विचार केला आहे.

इंग्रजी ‘ॲन्सेस्टर’ हा शब्द लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे आला. ‘आधी गेलेला’ हा त्याचा मूलार्थ. ‘फोरबेअर’ म्हणजे ‘आधी असलेला’. दोन्ही शब्द कालक्रम सांगतात, आदर नव्हे. त्यामुळेच जीवशास्त्रात मानव व वानर यांच्या समाईक ‘ॲन्सेस्टर’विषयी सहज लिहिता येते. स्पॅनिश ‘आन्तेपासादो’, म्हणजे पूर्वी होऊन गेलेला, हाही याच जातीचा शब्द. ‘मायोरेस’ मात्र निराळा आहे. ‘अधिक मोठे’ हा त्याचा शब्दशः अर्थ असून हयात ज्येष्ठ व दिवंगत पूर्वज हे दोन्ही त्यात सामावतात. येथे नाते काळाचे नसून मोठेपणाचे आहे.

बोर्हेस यांची आजी इंग्रज होती. दोन्ही भाषा त्यांना घरातच लाभल्या. १९३४ साली त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या दोन कवितांपैकी दुसरीत ‘ॲन्सेस्टर्स’ हा शब्द येतो. तेथे पूर्वजांच्या वाट्याला आलेल्या सन्मानाचा आणि रणांगणावरील पराक्रमाचा वेगळा उल्लेख करावा लागतो; केवळ त्या शब्दातून तो ध्वनित होत नाही. १९६० च्या ‘एल आसेदोर’ या संग्रहातील ‘लोस बोर्हेस’ या सुनीतात आपल्या पोर्तुगीज पूर्वजांसाठी कवी ‘मायोरेस’ हा शब्द योजतो. त्यांच्याविषयी त्याला जवळजवळ काहीच ठाऊक नाही.  तरीही या शब्दामुळे त्या अनामिकांना वडीलकीचा मान मिळतो. स्मृती पुसली तरी ऋण उरते, हा कवितेचा आशय या शब्दावरच तोललेला आहे.

इंग्रजी अनुवादात येथे ‘ॲन्सेस्टर्स’ आल्यास अर्थ चुकत नाही, पण हा तोल ढळतो. त्या अनुवादावरून मराठीत आणताना ‘पूर्वज’, म्हणजे आधी जन्मलेले, हा शब्द सहज सुचेल आणि हानी कायम राहील. वस्तुतः ‘वाडवडील’ हा मराठी शब्द ‘मायोरेस’च्या अधिक निकट आहे. ‘वडील’ म्हणजे वयाने व मानाने मोठा. इंग्रजीत न सापडणारी छटा मराठीत आधीपासूनच नांदते आहे. ‘पितर’ हा शब्द मात्र श्राद्धविधीचा संदर्भ आणील आणि तो या कवितेला परका ठरेल.

सारांश, मधल्या भाषेवरून केलेल्या अनुवादात हरवणारी अर्थच्छटा लक्ष्यभाषेत उपलब्ध असू शकते. मूळ शब्द पाहिल्याखेरीज तिचा शोध लागत नाही.