नवतारा, पण जुनाच

नवतारा म्हणजे ‘नव्याने जन्मलेला तारा’ ही वर्गात सांगितली जाणारी व्याख्या आम्हांला खटकते. १४ ऑगस्ट २०१३ रोजी जपानच्या कोइची इतागाकी यांना धनिष्ठेजवळ नवतारा आढळला. जुन्या छायाचित्रांत त्याच जागी सुमारे १७व्या प्रतीचा अंधुक तारा होताच! श्वेत बटूवर सोबत्याकडून आलेला हायड्रोजन साचून पेटला, इतकेच. वर्णपटातील हायड्रोजनच्या तेजस्वी रेषांनी शिक्कामोर्तब केले. दोन दिवसांत तो नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका उजळला. यवतमाळला तो रात्री अकराच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येई. ढगांनी सवड दिली तर. पण वहीत ‘दिसला’ एवढेच लिहिले, तर त्याला आम्ही निरीक्षण म्हणणार नाही. तारीख, वेळ आणि तो शेजारच्या कोणत्या ताऱ्यापेक्षा तेजस्वी, कोणत्यापेक्षा मंद, हे हवे.