अकराव्या तासाचा मजूर

सूतगिरणीच्या गेटवर बदलीवाले उभे असतात. मीही दोन वर्षं उभा होतो. पाळी भरली की मुकादम हात हलवतो, उरलेल्यांनी घरी जायचं. काम मिळालं नाही म्हणून त्या दिवशी भूक अर्धी लागत नाही.

म्हणून बायबलातली द्राक्षमळ्याची गोष्ट वाचताना मी अडकलो. पुस्तक दिलं शेजारच्या रिंगफ्रेमवरच्या दोस्तानं. तो नगर जिल्ह्यातला, कॅथलिक, पणजा आपल्यातलाच. म्हणाला, "लेका, तुम्ही मजुरांचं जे बोलता ते आमच्यात आधीच सांगून ठेवलंय. वाच." वाचलं. पोपची दोन परिपत्रकंही वाचली, डिक्शनरी मांडीवर घेऊन.

गोष्ट मत्तयच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात आहे. मळ्याचा मालक सकाळी बाजारात जाऊन दिवसाला एक दिनार ठरवून गडी लावतो. पुन्हा जातो, पुन्हा लावतो. अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळायला तासभर उरला असताना गेला, तर काहीजण उभेच. रिकामे का, असं विचारलं तर ते म्हणतात, आम्हाला कुणी घेतलंच नाही. संध्याकाळी तो त्यांनाही अख्खा दिनार देतो. सकाळचे गडी कुरकुरतात. मालक म्हणतो, माझ्या पैशाचं मी मला हवं ते करीन.

चर्चचे पंडित सांगतात, ही स्वर्गाच्या राज्याची गोष्ट, मजुरीची नव्हे. असेल. पण सांगणाऱ्यानं मजूर अड्डा डोळ्यांनी पाहिला होता एवढं नक्की. मजुरी घड्याळावरून नाही, पोटावरून मोजायची, ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वी कुणी बोलून गेला याचं मला मोल आहे. याच गोष्टीवरून रस्किननं 1860 साली आपल्या लेखमालेला नाव दिलं. ते पुस्तक गांधींनी 1904 साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीत वाचलं, 1908 साली त्याचा गुजराती सारांश 'सर्वोदय' नावानं काढला. पुढं त्यांचं विश्वस्तपण आलं. मालक दयाळू व्हावा, मळा मात्र त्याचाच. माझ्या पैशाचं मी हवं ते करीन, हे वाक्य तिथंही पुसलं गेलं नाही.

आता पोप. लिओ तेरावा यानं 15 मे 1891 रोजी 'रेरम नोव्हारम' काढलं. त्यात एक जागा सोन्यासारखी आहे. मजुरी ही नुस्ता दोघांमधला करार नाही, असं तो म्हणतो. गरजेपोटी, भीतीपोटी कामगार कमी पगाराला हो म्हणाला, तर ते त्याचं हो नव्हे, ती त्याच्यावरची जबरदस्ती आहे. कॉन्ट्रॅक्टरच्या कागदावर अंगठा देणाऱ्यांना हे वाचून दाखवावं. कामगारांनी संघटना कराव्यात हेही त्यानं मान्य केलं.

पण तोच पोप श्रीमंत आणि मजूर या दोन वर्गांना शरीराचे अवयव म्हणतो. जसे अवयव एकमेकांना जुळून शरीर सुडौल होतं, तसे हे दोन वर्ग निसर्गानंच जुळवून दिलेत म्हणे. मित्रांनो, हे शरीर आपण ओळखतो. तोंड, बाहू, मांड्या, पाय. पुरुषसूक्तातलं शरीर आणि हे शरीर एकच आहे असं मी म्हणत नाही. लिओ जन्मानं कुणाला पाय ठरवत नाही. मजुरानं काटकसर करून तुकडाभर जमीन घ्यावी असंच त्याला वाटतं. पण ज्याला कायम पाय म्हणून वागवलं त्याला अवयवांच्या मेळाचं कौतुक सांगू नये. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पहिले ख्रिस्ती जमिनी विकून पैसा एकत्र करत आणि ज्याला जशी गरज तसं वाटत. लिओला ते ठाऊक आहे, पण तो ते दानधर्माच्या खात्यात टाकतो.

आणि आम्हाला कुणी घेतलंच नाही, या उत्तरावर पुढचा प्रश्न कुणीच विचारत नाही. का घेतलं नाही? मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात पगार जास्त होता, तिथं आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे, आपलं तोंड लागलं तर इतरांना विटाळ. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा प्रश्न संपपुढाऱ्यांपुढे मांडला. रास्त मजुरीचं सगळं शास्त्र या धोट्यापाशी मुकं होतं.

दुसरं परिपत्रक मला जास्त पटलं. 14 सप्टेंबर 1981 चं, दुसऱ्या जॉन पॉलचं 'लाबोरेम एक्सरसेन्स'. येशू स्वतः सुतारकाम करणारा, म्हणून कामाची किंमत कामाच्या जातीवर नाही, ते माणूस करतो यावर ठरते. श्रम आधी, भांडवल मागून. कामगारांचा मालकीत, कारभारात वाटा असावा इथपर्यंत तो येतो. पण हे जपून वाचा. गटारात उतरणाऱ्याला कामाची प्रतिष्ठा सांगणारे आपल्याकडे खूप झाले. इथं प्रतिष्ठा माणसाची आहे, गटाराची नाही.

नुसतं सरकारनं ताब्यात घेतलं म्हणजे मालकी सगळ्यांची झाली असं नाही, असंही हा पोप बजावतो. ही शंका खोटी नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये प्रमुख उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची मागितली ती संसदीय लोकशाहीसकट, आणि घटनेतच लिहून. मालकाच्या दयेवर काही सोडलं नाही, हुकूमशहाच्याही नाही.

पुस्तक परत केलं. दोस्ताशी भांडण झालं, मग चहा झाला. युनियनच्या मागण्यांच्या कागदात आम्ही दोघांनी मिळून एक कलम घातलंय: बदलीवाल्याला गेटवर बोलावून काम दिलं नाही, तर त्या दिवसाचा अर्धा पगार. अर्धा लिहावा की अख्खा यावर तासभर घासाघीस झाली. तो अख्ख्यावर अडून बसला होता. कागद ऑफिसात जाऊन तीन आठवडे झाले, उत्तर नाही.