जकातदाराची प्रार्थना आणि पिप

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील वाचनमंडळाने चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी वाचावयास घेतली. निवड माझीच होती. सेमिनरीत इंग्रजीच्या अभ्यासासाठी ती मी प्रथम वाचली, पुढे काही वर्षे विद्यार्थ्यांना शिकवली आणि तिच्यातील एका जागेवर दरवर्षी तेच भाष्य केले. त्या भाष्याला मंडळातील एका निवृत्त शिक्षिकेने हरकत घेतली. मला तत्काळ उत्तर सुचले नाही. हा लेख त्या हरकतीतून निघाला आहे.

ती जागा कादंबरीच्या अखेरीकडे येते. तेव्हा आधी कथेकडे वळले पाहिजे. ‘ऑल द इयर राउंड’ या आपल्याच साप्ताहिकातून डिकन्सने ही कादंबरी १ डिसेंबर १८६० पासून ३ ऑगस्ट १८६१ पर्यंत क्रमशः प्रसिद्ध केली. केंट परगण्यातील दलदलीच्या प्रदेशात, एका लोहाराच्या घरी, आईबापांविना वाढलेला पिप हा तिचा नायक आणि निवेदक. लोहार जो गार्जरी हा त्याच्या मोठ्या बहिणीचा नवरा. बहीण तापट, हात उगारणारी. जो शांत, निरक्षर आणि बलदंड. नाताळच्या आदल्या संध्याकाळी दफनभूमीत एक पळालेला कैदी पिपला पकडतो, एका थडग्याच्या दगडावर बसवतो आणि धाक घालून खायला व बेडी तोडायला कानस मागतो. पिप भीतीपोटी दोन्ही चोरून आणून देतो. पुढे त्या मुलाला कुणा अज्ञात दात्याची दौलत मिळते, तो लंडनला जाऊन ‘जंटलमन’ होतो, आणि तेविसाव्या वर्षी त्याला कळते की दाता दुसरा कोणी नसून तोच कैदी, मॅग्विच, आहे.

या कादंबरीत न्यायालये, वकील, तुरुंग आणि फासावर गेलेल्यांचे मुखवटे यांची गर्दी आहे. परंतु खरे निवाडे न्यायालयाबाहेर, जेवणाच्या टेबलापाशी आणि दिवाणखान्यात होतात. सॅटिस हाउसमध्ये पत्ते खेळताना एस्टेला पिपच्या राकट हातांना आणि जाडजूड बुटांना हसते. एका दुपारचे ते हसणे त्या मुलाच्या मनात कायमचे घर करते. त्याच संध्याकाळी त्याला स्वतःचे घर, भट्टी आणि जो हे सारे नव्या नजरेने दिसू लागते. एस्टेलाने त्याच्यावर केलेला निवाडा तो जसाच्या तसा जोवर करतो. डिकन्सची मानवी स्वभावाची जाण येथे प्रकर्षाने दिसते. आपण इतरांना ज्या तराजूत तोलतो तो पुष्कळदा आपल्याला तोलणाऱ्यांकडूनच उसना घेतलेला असतो. खालच्या पायरीवर उभे राहण्याची लाज डिकन्सने स्वतः भोगली होती. १८२४ साली त्याचे वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात होते आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवीत होता. ही गोष्ट जगाला कळली ती त्याच्या मृत्यूनंतर, फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून.

न्यायालयातील निवाडाही या कादंबरीत चेहऱ्यावरच होतो. मॅग्विच आणि त्याचा साथीदार कॉम्पेसन एकाच गुन्ह्यासाठी उभे केले जातात. कॉम्पेसन सुशिक्षित, पोशाख नीटनेटका. त्याला सात वर्षे. मॅग्विच जन्मापासून रस्त्यावरचा, त्याला चौदा. कट मुळात कॉम्पेसनचा होता हे वाचकाला ठाऊक असते. दिसण्यावर विसंबू नये, पुरावाच मानावा, असे पिपला बजावणारा वकील जॅगर्स प्रत्येक अशील गेल्यावर सुवासिक साबणाने हात धुतो. डिकन्स पिलाताचे नाव घेत नाही. आम्हाला ते आठवल्याशिवाय राहत नाही.

या सर्वांसमोर जो उभा आहे. कैदी पकडला जातो त्या नाताळच्या दिवशी, पिपवर आळ येऊ नये म्हणून तो सांगतो की लोहाराच्या घरचे अन्न आपणच चोरले. त्यावर जो म्हणतो की ते माझे होते तेवढे तुला खुशाल देऊन टाकले. तू काय केले आहेस ते आम्हाला ठाऊक नाही, पण त्यासाठी तू उपाशी मरावेस असे आम्हाला वाटणार नाही. शिपायांच्या गराड्यात, मशालींच्या उजेडात, एक अडाणी लोहार हे बोलतो. मद्यपी बापाने जोला आणि त्याच्या आईला मारझोड केली होती. तरी बाप मनाने चांगला होता असेच तो म्हणतो. आईचे हाल पाहिले होते म्हणूनच बायकोची अरेरावी तो सोसतो.

जो भोळा आहे, असे आमच्या मंडळातील तरुणांचे मत पडले. मला ते पटत नाही. सॅटिस हाउसविषयी पिप घरी थापा मारतो आणि मग जोजवळ कबुली देतो, तेव्हा जो त्याला गोंजारून सोडून देत नाही. खोटे ते खोटेच, ते कुठूनही आले तरी वाईटच, असे तो बजावतो आणि रात्री प्रार्थनेत त्याची आठवण ठेवायला सांगतो. कन्फेशनच्या खिडकीमागे कित्येक वर्षे बसूनही याहून नेमके आणि याहून कमी बोलणे मला साधलेले नाही. जो चुकीला चूक म्हणतो. परंतु ती चूक म्हणजेच तो माणूस, असे मानत नाही. त्याच्या मैत्रीचे बळ यात आहे.

लंडनमधील भेटीचा प्रसंग सर्वांना आवडला, आणि तो वाचताना सर्वच अस्वस्थ झाले. रविवारचे कपडे घालून जो पिपच्या बिऱ्हाडी येतो. हॅट कुठे ठेवावी ते त्याला सुचत नाही. फळीच्या कोपऱ्यावर ठेवलेली ती पुनःपुन्हा पडते आणि तो पुनःपुन्हा तिला झेलतो. तो पिपला मधूनच ‘सर’ म्हणतो, आणि पिपला त्याचा राग येतो. पैसे देऊन त्याला दूर ठेवता आले असते तर आपण दिले असते, असे पिप स्वच्छ लिहितो. हसवता हसवता डिकन्स येथे आपल्याला ज्या जागी नेतो ती हसण्याची नाही. मी सेमिनरीत असताना वडील एकदा केळीचा घड खांद्यावर घेऊन भेटायला आले होते. बाहेर पाऊस होता. त्यांच्या पायांना चिखल लागलेला. मी त्यांना व्हरांड्यातच उभे राहून भेटलो. आत आणले नाही. त्यांनीही आत येऊ का असे विचारले नाही. हॅटच्या प्रसंगाशी मी पोचलो की वर्गात माझा आवाज बदलत असे. कारण मी कधी सांगितले नाही.

पिपचा दुसरा मित्र हर्बर्ट पॉकेट. जेवताना सुरी तोंडात घालू नये, हे तो गोष्ट सांगता सांगता, पिपचा अपमान न होईल अशा बेताने शिकवतो. शिष्टाचार एस्टेलाजवळही होते आणि हर्बर्टजवळही. एकीने त्यांचे शस्त्र केले, दुसऱ्याने ते वाटून घेतले. पिप गुपचूप पैसे भरून हर्बर्टला व्यापारात भागीदारी मिळवून देतो. आपल्या हातून घडलेली एवढी एकच गोष्ट चांगली, असे त्याला पुढे वाटते. दौलतीतून जे काही टिकले ते मित्राला दिले तेवढेच.

आता त्या वादाच्या जागेकडे. जन्मठेपेवर देशाबाहेर पाठवलेल्या कैद्याने परत येणे हा त्या काळी देहदंडाचा गुन्हा. मॅग्विच पिपला डोळे भरून पाहण्यासाठी न्यू साउथ वेल्सहून येतो. प्रथम पिपला त्याची किळस येते. त्याने दिलेले अन्न, त्याचा स्पर्श, सारेच नकोसे होते. पण थेम्स नदीवर तो जखमी होऊन पकडला जातो, तेव्हा पिप त्याचा हात हाती घेऊन शेजारी बसतो आणि त्याला दिसते की आपण जोशी जसे वागलो त्याहून हा माणूस आपल्याशी किती चांगला वागला आहे. बत्तीस स्त्रीपुरुषांना एकदम देहदंड सुनावला जातो. खिडकीतून आलेले ऊन न्यायाधीश आणि ते बत्तीस जण यांच्यामध्ये पडते, दोघांनाही जोडते. मॅग्विच उठून म्हणतो की मृत्यूची शिक्षा मला परमेश्वराकडून आधीच मिळाली आहे, पण मी आपल्यापुढेही मान झुकवतो. पुढे तुरुंगाच्या दवाखान्यात, हरवलेली मुलगी जिवंत आहे हे पिपच्या तोंडून ऐकून, तो शांतपणे मरतो. तेव्हा पिपला मंदिरात प्रार्थनेस गेलेल्या त्या दोन माणसांची आठवण होते, आणि तो जकातदाराची प्रार्थना म्हणतो. परंतु ती म्हणताना लूकच्या शुभवर्तमानातील ‘माझ्यावर’ हा शब्द बदलून तो ‘त्याच्यावर’ म्हणतो.

माझे भाष्य असे होते: पिप येथेही परूशीच राहिला. इतके भोगूनही पापी म्हणून त्याने दुसऱ्याकडेच बोट दाखवले. विद्यार्थ्यांना हे फार आवडे.

बाई म्हणाल्या, “फादर, माझे वडील गेले तेव्हा उशाशी बसून तुम्ही ‘माझ्यावर दया कर’ म्हणाला होता का? ‘ह्या तुझ्या सेवकावर’ असेच म्हणालात ना? ज्याचे ओठ हलत नाहीत त्याच्या वतीने दुसरे काय म्हणायचे?”

याला उत्तर नव्हते. मरणाऱ्याच्या उशाशी आम्ही धर्मगुरू नेमके पिपसारखेच बोलतो. आणि ते बोलणे निवाडा नसते, सोबत असते. तरीही बाईंचे म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारलेले नाही. पिपने कोणतीही प्रार्थना निवडली असती तर प्रश्न नव्हता. त्याने निवडलेला दाखला हा मुळात तुलनेचाच दाखला आहे, आणि त्यात बदललेला एक शब्द कानाला खटकतो. डिकन्स कॅथॉलिक नव्हता आणि आमच्या चर्चविषयी त्याला आपुलकी नव्हती. पण आपल्या मुलांसाठी प्रभूचे चरित्र लिहून ठेवणाऱ्या (ते १९३४ साली छापले गेले) या लेखकाला हा दाखला नीट आठवत नसेल हे संभवत नाही.

मग पिप बदलला की नाही? पुस्तक पुन्हा वाचताना मला दोन जागा दिसल्या, ज्यांच्यावरून मी वर्गात घाईने पुढे जात असे. पहिली जागा या मृत्यूच्या आधीची. मिस हॅविशॅम पिपच्या पायाशी येऊन क्षमा मागते, तेव्हा तो सांगतो की मलाच क्षमेची इतकी गरज आहे की तुमच्याविषयी कटुता धरणे मला परवडणार नाही. म्हणजे ‘माझ्यावर’ हा शब्द त्याने आधीच उच्चारला होता. दुसरी जागा नंतरची. मॅग्विचच्या मृत्यूनंतर पिप तापाने अंथरुणास खिळतो. जो येऊन त्याची शुश्रूषा करतो, न सांगता त्याचे कर्ज फेडतो आणि निघून जातो. पिप जसजसा बरा होतो तसतसा जो पुन्हा अवघडतो, पुन्हा ‘सर’ म्हणू लागतो. हा दुरावा जोच्या स्वभावातून आलेला नाही, आपणच त्याला तो शिकवला, हे पिपला कळते. माफी मागायला तो गावी जातो तो दिवस जो आणि बिडी यांच्या लग्नाचा निघतो. त्या आनंदाच्या घरात तो दोघांकडे क्षमा मागतो, आणि ती शब्दांनी मागतो. बिडीला मागणी घालण्याचा मनातला बेत मात्र तो मनातच ठेवतो.

माणसाची वाढ एका रेषेत होत नाही, हे डिकन्सला कळले होते. माझ्या भाष्याला ते कळले नव्हते. हॅविशॅमपुढे पिप वर चढतो, मॅग्विचच्या खाटेशी त्याचा पाय किंचित घसरतो, आणि जोच्या दारात तो पुन्हा उभा राहतो. मध्यल्या पायरीवर त्याला पकडून मी दरवर्षी निकाल देत होतो. ‘मी या पिपसारखा नाही’ हे वाक्य त्या भाष्याच्या तळाशी होते, आणि ते कोणाच्या तोंडी शोभते हे शुभवर्तमान वाचणाऱ्यांना सांगावयास नको.

दोष काढायचेच तर ऑर्लिक हे पात्र सोयीपुरते आहे, योगायोग फार आहेत, आणि बल्वर-लिटनच्या सल्ल्यावरून बदललेला शेवट मूळ शेवटाइतका खरा वाटत नाही. एस्टेला आणि पिप यांचे पुढे काय झाले यावर आमच्या मंडळात बरीच चर्चा झाली. मला तिच्यात विशेष रस वाटला नाही.

त्याआधीचे एक पान मला अधिक मोलाचे वाटते. हर्बर्टच्या पेढीत परदेशी अकरा वर्षे काम करून पिप लोहाराच्या घरी परततो. चुलीपाशी, त्याच्या जुन्या जागी, जो आणि बिडीचा लहान मुलगा बसलेला असतो. त्याचे नाव त्यांनी पिपच ठेवले आहे. दुसऱ्या दिवशी पिप त्याला दफनभूमीत नेतो आणि एका थडग्याच्या दगडावर बसवतो. मॅग्विचने त्याला बसवले होते तसाच. यावेळी कोणी कोणाला धाक घालत नाही. आईबापांचा दगड कोणता, ते तो मुलगाच त्याला दाखवतो.