वेताळ, रवा आणि मी

माणसाची खरी मालमत्ता कोणती, असा प्रश्न मला कुणी विचारला तर मी आमच्या स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या फळीवरच्या स्टीलच्या डब्याकडे बोट दाखवीन. वरवर पाहता तो रव्याचा डबा आहे. पण बी.कॉम. झालेला आणि बावीस वर्षं बँकेत कारकुनी केलेला माणूस वरवर पाहत नाही. त्या डब्याची आजची किंमत माझ्या हिशेबानं एकोणसाठ हजार दोनशे रुपये आहे. रवा वेगळा.

हे गणित समजायला 1989 च्या मे महिन्यात जावं लागेल. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि दादा चौदाचा. डोंबिवलीतल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत आम्ही सुतळी बांधून तिच्यावर इंद्रजाल कॉमिक्स वाळत घातली आणि 'लायब्ररी' काढली. दहा पैसे रोज, डिपॉझिट आठ आणे. दादा मालक, मी कारकून. म्हणजे माझ्या आयुष्याची दिशा तेव्हाच ठरली होती. वहीत नाव, तारीख, अंकाचं नाव आणि 'पान फाटलं असल्यास शेरा' असे चार रकाने मी आखले होते. आजही बँकेत यापेक्षा वेगळं काय करतो?

एकूण चौऱ्याहत्तर अंक होते. बहुतेक वेताळ, मग मँड्रेक आणि उरलेले बहादूर. 1964 साली सुरू झालेलं इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडलं. ती बातमी आम्हाला कुणी सांगितली नाही. स्टेशनवरच्या स्टॉलवाल्याला दर आठवड्याला "आला का?" विचारायचं आणि त्यानं मान हलवायची. पुढे पुढे तो आम्ही जिना उतरतानाच मान हलवू लागला. 1992 मध्ये आम्ही चाळ सोडून ब्लॉकमध्ये राहायला गेलो. त्या गडबडीत आईनं चौऱ्याहत्तर इंद्रजाल आणि चांदोबाचा गठ्ठा मिळून सहा किलो रद्दी घातली. अठरा रुपये आले. त्यात वरचे बारा घालून तिनं डबा घेतला.

परवा एका विक्रेत्यानं मला जुन्या मराठी इंद्रजालच्या एका अंकाचे आठशे रुपये सांगितले. चौऱ्याहत्तर गुणिले आठशे. डब्याचं रहस्य आता वाचकांच्या लक्षात आलं असेल.

मी तो अंक घेतला. (घरी ऐंशी रुपये सांगितले. शून्याची चूक बँकेतही होते.) विक्रेत्यानं तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दिला आणि बजावलं, "उघडू नका साहेब. उघडलात की भाव पडला." पुस्तक न वाचण्याबद्दल आठशे रुपये मोजायचे, हा व्यवहार मला नवा होता. आमच्या लायब्ररीत न वाचलेल्या अंकाला उत्पन्न शून्य असे. पण संग्राहकांची जात निराळी. ते अंक वाचत नाहीत, ठेवतात. आम्ही बँकवाले याला लॉकर म्हणतो.

मी मात्र पाकीट उघडलं. पस्तीस वर्षांनी परीक्षण करायचं तर काखेतून वास घेऊन कसं चालेल?

आता परीक्षण. ली फॉक यांनी 1936 मध्ये अमेरिकन वर्तमानपत्रासाठी वेताळ जन्माला घातला. रोज तीनचार चौकटी. म्हणूनच त्याच्या गोष्टीत पात्रं एकमेकांना कालचीच माहिती पुन्हा सांगत असतात. लहानपणी मला वाटे की जंगलातल्या लोकांना ऐकू कमी येतं. खरं कारण असं की कालचा पेपर ज्यानं वाचला नाही त्याची ती सोय होती. पुस्तक करताना त्या चौकटी कापून, सरकवून पानात बसवल्या जात. तरीही साय बॅरी यांचं जंगल कापूनसुद्धा जंगलच राहतं. झाडामागे डोळे आहेत असं अजूनही वाटतं. पैकीच्या पैकी गुण.

दुसरा गुण मला आत्ता, या वयात दिसला. वेताळ हा मुळात कारकून आहे! गुंडाच्या जबड्यावर कवटीच्या अंगठीचा शिक्का मारतो आणि मग गुहेत येऊन मोठ्या वहीत नोंद करतो. चारशे वर्षांच्या वह्या फळ्यांवर लावलेल्या. बाप गेला की मुलगा शपथ घेऊन तोच पोशाख चढवतो आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. नॉमिनेशन इतकं चोख असलेलं दुसरं खातं मी पाहिलेलं नाही. आणि डायनाशी त्याचं लग्न झालं 1977 मध्ये, म्हणजे एक्केचाळीस वर्षांच्या प्रोबेशननंतर. आमच्या युनियननं हे चालू दिलं नसतं.

इथवर लिहून मी समाधानानं चष्मा पुसत होतो, तोच माझी तेरा वर्षांची मुलगी खांद्यावरून वाचू लागली. ती जपानी मांगा वाचते. 1997 साली सुरू झालेली, शंभरावर खंड झालेली चाच्यांची ती गोष्ट. एकदा मी तिचं पुस्तक हातात घेतलं आणि शेवटाकडून वाचलं. ते उजवीकडून उघडतात, हे मला कुणी सांगायचं? दोन प्रकरणं झाली तरी माझ्या लक्षात आलं नाही. इतकंच वाटलं की हल्लीच्या गोष्टी जरा अवघड असतात.

तिनं विचारलं, "बाबा, एवढं मोठं जंगल, एवढे लोक, आणि त्यांचं रक्षण करायला एकच गोरा माणूस? त्यांना स्वतःला येत नव्हतं?"

मी म्हटलं, "तो काळ तसा होता."

"आणि त्याला जुळी आहेत ना? मग पुढचा वेताळ मुलगाच का?"

बावीस वर्षं काउंटरवर बसून मी एक शिकलो आहे. ग्राहक बरोबर असला की खालच्या कागदांत काहीतरी शोधायचं. मी शोधू लागलो. पण शोधतानाच कळलं की पोरगी बरोबर आहे. आणि गंमत अशी की आमच्या छापणाऱ्यांनाही कुठेतरी टोचत असावं. त्यांनी मूळच्या 'सिंग' चाच्यांचं 'सिंगा' केलं, खुनी रामाचा 'रामालू' केला आणि बंगालसारखं वाटणारं देशाचं नाव बदलून डेंकाली ठेवलं. म्हणजे आपल्याला लागलं तेवढं पुसलं. आफ्रिकेतल्या माणसांना लागणारं तसंच ठेवलं. नऊ वर्षांच्या मला ते दिसलं नाही. मी वेताळाच्या बाजूनं होतो ना!

मग मी तिला बहादूरची गोष्ट सांगितली. आबिद सुरती यांनी 1976 मध्ये लिहिलेला, कुर्ता आणि जीन्स घालणारा. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीनं मेलेला. पोरगा सूड घ्यायला निघतो आणि शेवटी गावकऱ्यांना जमवून डाकूंविरुद्ध उभा राहतो. "म्हणजे हा बापाचा पोशाख घालत नाही?" ती म्हणाली. मी म्हटलं, "नाही. हा बापाचं खातं बंद करतो." तिला ते पटलेलं दिसलं. माझ्या आयुष्यातलं हे एकमेव परीक्षण कुणीतरी शेवटपर्यंत ऐकलं.

वेताळाचे गुण मी कापले का? कापले. पण त्याला नापास केलं नाही. ज्यानं आपल्याला वाचायला शिकवलं त्याची चूक दाखवता येते, त्याला रद्दीत घालता येत नाही.

रद्दीवरून आठवलं. हा सगळा हिशेब मी आईला मांडून दाखवला. एकोणसाठ हजार दोनशे! ती आता शहात्तर वर्षांची आहे. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "त्या डब्यात इतकी वर्षं रव्याला एक अळी लागली नाही. तुझ्या कागदांना वाळवी लागली असती."

यावर ऑडिटरही काही बोलू शकला नसता.

रात्री पाहिलं तर माझा आठशे रुपयांचा अंक पाकिटाबाहेर, मुलीच्या उशाशी उघडा पडला होता. बाराव्या पानावर वेताळाच्या छातीवर तुपाचा गोल डाग. शेजारी बशीत आजीनं केलेल्या रव्याच्या लाडवाचा अर्धा तुकडा. भाव पडला होता. मी जुन्या सवयीनं आतल्या पानावर पेन्सिलीनं मुलीचं नाव आणि तारीख घातली, आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं : 'अंक वाचला गेला.'