मंदी, विडी आणि आपला लेखक

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीचे मराठी साहित्यातील चित्रण म्हटले की मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ (१९३३) आणि खांडेकरांची ‘दोन ध्रुव’ (१९३४) ही नावे पुढे येतात. पहिलीत मुंबईचा गिरणी कामगार आहे, दुसरीत गरीब-श्रीमंतांतील दरी. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण मंदी काही गिरणीच्या फाटकाशी थांबली नव्हती.

त्या काळचा भंडारा जिल्हा पाहा. आजचा गोंदिया जिल्हाही तेव्हा त्यातच होता. तो १९९९ मध्ये वेगळा झाला. धानाचे भाव कोसळले, मालगुजाराला द्यायचा सारा मात्र रोखच राहिला. तुमसरकडच्या खाणींतले मँगनीज परदेशी पोलाद कारखान्यांत जाई. तिकडच्या भट्ट्या थंडावल्या आणि देशातले उत्पादन १९२७ मधील सुमारे ११ लाख टनांवरून १९३२ पर्यंत २ लाखांच्या आसपास आले. शेत आणि खाण दोन्ही आटल्यावर उरली विडी. पान जंगलातले, तंबाखू बाहेरचा, हत्यार म्हणजे सूप आणि कात्री. घरातली बाई, पोर, म्हातारी सगळ्यांनाच हे काम जमणारे. ठेकेदार तयार विड्यांतून ‘छाट’ काढी. छाटलेल्या विडीची मजुरी नाही, विडी मात्र त्याच्याकडेच!

कामठीच्या बाबू हरदासांनी १९३२ मध्ये विडी मजुरांचा संघ उभारला तो या पार्श्वभूमीवर. ठेकेदाराला वगळून सहकारी तत्त्वावर काम करण्याचा त्यांचा प्रयत्न भंडारा, साकोली, अर्जुनी, गोंदियापर्यंत पोहोचला होता. १९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे प्रांतिक विधिमंडळात निवडून आले आणि १९३९ मध्ये, पस्तिशीतच वारले. ‘जयभीम’ हे अभिवादन त्यांनीच रूढ केले. मुसलमान एकमेकांना सलाम करतात त्याचा अर्थ त्यांनी एका मौलवींकडून समजून घेतला आणि त्यातून आपल्या समाजासाठी तसे अभिवादन शोधले, असे सांगितले जाते.

आक्षेप आहे तो इथे. हा प्रसंग आपल्या व्यासपीठांवर सलोख्याचा दाखला म्हणून सांगितला जातो, टाळ्याही पडतात. हरदासांवरच्या लेखनातही अभिवादनाला पानेच्या पाने आणि संघाला एखादी ओळ. सोलापुरात १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण अस्मितेवर, दंगलींवर, तलाकवर लिहिले. ते आवश्यकच होते. पण विडी आपल्याही मोहल्ल्यांत वळली जात होती. सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई आपल्या कथेत आली तरी नवऱ्याच्या जाचापुरती येते. तिने दिवसभरात किती विड्या वळल्या, त्यातल्या किती छाटीत गेल्या, हे लेखक विचारत नाही. आपल्याच समीक्षेला ‘मुस्लिम जाणीव’ शोधताना मजुरीचा दर ही साहित्यबाह्य बाब वाटते!

त्या मौलवींचेच घ्या. सांगणाऱ्याच्या तोंडी त्यांना नाव नसते, घर नसते. कामठी तर विणकरांचे गाव. मंदीत मौलवींच्या शेजारचे माग चालू होते की बंद, एवढेही कुणी सांगत नाही.